गळू मानेवर, भोक घशात

माझ्या दुकानात बसल्या जागेवरून हात पोचेल अशा कप्प्यात दोन बाटल्या कायम शेजारी शेजारी असतात. एक पोव्हिडोन आयोडीनची, ती तपकिरी, आणि दुसरी हायड्रोजन पेरॉक्साईडची, जी जखमेवर ओतली की फसफसून फेस येतो. गुडघा फुटलेलं पोरगं आलं, पायात खिळा घुसलेला गवंडी आला की यातली एक काढून द्यायची. बार्शीत एकोणीस वर्षं मेडिकल चालवतोय, या बाटल्या किती विकल्या त्याचा हिशोब नाही. आणि या एकोणीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं की आपल्या गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखरासारखी जी थायरॉईड ग्रंथी बसलेली असते तिच्यात या दोन्ही गोष्टी आधीपासूनच असतात. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यातलं ७० ते ८० टक्के एवढ्याशा त्या ग्रंथीत, आणि ते हार्मोनमधे बसवायला लागतं म्हणून हायड्रोजन पेरॉक्साईड ती स्वतःच तयार करते. वर रक्तपुरवठा भरपूर, भोवती स्वतःचं आवरण. त्यामुळं तिथं जंतू सहसा टिकाव धरत नाहीत असं मानतात, आणि थायरॉईडच्या सगळ्या आजारांमधे जंतूंमुळं पू होणारं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे.

हे मी आता शहाण्यासारखं सांगतोय. माझ्या भाच्याच्या मानेत तीन वेळा पू झाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी घोळ घालणारा मीच होतो.

माझी अक्का परंड्याला दिलेली आहे. परंड्याहून बार्शी जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर, त्यामुळं डॉक्टर, कापड, लग्नाचा बस्ता सगळं बार्शीलाच. २०२१ च्या डिसेंबरात अक्काचा फोन आला, पिंट्याला (घरातलं नाव) सर्दी झालीवती ती बरी झाली पण आता ताप आहे आणि मान सुजलीय, डाव्या बाजूला. तेव्हा तो चार वर्षांचा. सासूबाईंनी गालगुंड म्हणून उंबराचा चीक लावून झाला होता, वर गेरूचा लेप. मी म्हटलं गालगुंड कानाखाली येतं गं, हे खाली आहे. "मग काय म्हणायचं?" अवधाण आलं असंल, मी म्हटलं. घसा सुजला की मानेला अवधाण येतंच, दुकानावर रोज दोन-तीन पोरं येतात तशी. आणि दाजी आले तेव्हा त्यांच्या हातात पाणी घालून हलवायचं ते अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप दिलं, पाच दिवस द्या म्हटलं. चिठ्ठी नाही काही नाही. घरचंच पोर होतं ना.

पाच दिवसांनी ताप गेला, सूज अर्धी झाली, सगळे खूश. सातव्या दिवशी परत ताप, मान लाल, हात लावू देईना. मग एका सर्जनकडं नेलं, त्यांनी बघूनच सांगितलं पू झालाय, चिरा द्यावा लागेल. भूल देऊन चिरा दिला, पू काढला, आत वात घातली, रोज ड्रेसिंग. पू कल्चरला पाठवला होता त्याचा रिपोर्ट आला 'नो ग्रोथ'. म्हणजे जंतू उगवलाच नाही. मला तेव्हा बरं वाटलं, म्हटलं चला, काही भयंकर नाही. आता कळतं की पाच दिवस माझं सिरप पोटात गेल्यावर प्लेटवर काय उगवणार होतं, कपाळ? कोणता जंतू होता हे कळायची पहिली संधी मीच घालवली. फाईलवर लिहिलं होतं लिम्फच्या गाठीत पू झाला म्हणून, जखम पंधरा-वीस दिवसांत भरून आली, मानेवर एक इंचाचा व्रण राहिला आणि विषय संपला.

अकरा महिन्यांनी परत. आधी सर्दी, मग ताप, मग तीच बाजू, त्याच व्रणाच्या बाजूला फुगवटा.

आता आपल्याकडं मानेची गाठ दुसऱ्यांदा आली की सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द येतो. सासूबाई म्हणाल्या गंडमाळ आहे. डॉक्टर म्हणाले टीबी रूल आऊट करूया. दोघांचं म्हणणं एकच होतं आणि चुकीचं म्हणता येणार नाही, आपल्याकडं मानेत गाठी येऊन फुटायचं ते एक नेहमीचं कारण आहे. सुईची तपासणी झाली, स्लाईडवर नुसता पू, म्हणजे न्यूट्रोफिल पेशींचा ढीग, टीबीत दिसतात तशा ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, वगैरे काही नाहीत. टीबीचे जंतू नाहीत. त्याच पुवाची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय मागमूस शोधायची तपासणी केली, निगेटिव्ह. तरी एका ठिकाणी सांगितलं की सहा महिने टीबीचा कोर्स देऊन टाकू, रिस्क नको. दाजी तयार झाले. इथं मात्र मी आडवा आलो, म्हटलं रिपोर्ट एकही टीबी म्हणत नाही, पोराला सहा महिने त्या गोळ्या कशाच्या जोरावर द्यायच्या? मेडिकलवाल्याचं कोण ऐकतं, पण दाजींनी ऐकलं. परत चिरा, परत वात, परत ड्रेसिंग, पिंट्या आता ड्रेसिंगच्या खोलीचं दार दिसलं तरी किंचाळायचा.

यावेळी कल्चर उगवलं होतं. रिपोर्टवर लिहिलेलं होतं अल्फा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकाय, सोबत मिश्र जंतू, आणि खाली बारीक अक्षरात तोंडातले नेहमीचे जंतू आहेत, कंटॅमिनेशन असू शकतं, तब्येतीशी ताडून बघावं. ते ताडून कुणी बघितलं नाही. मी पण नाही. मी रिपोर्टमधला खालचा तक्ता बघितला, कोणती औषधं लागू पडतात तो, कारण माझा धंदा त्या तक्त्यावर चालतो. तो कागद फाईलमधे लावला आणि पुढं वर्षभर तो तिथंच होता. उत्तर त्या कागदावर होतं हो. मानेवरची कातडी न फुटलेली, आत खोल पू, आणि त्या पुवात तोंडातले जंतू. ते तिथं गेले कुठून, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता.

तिसऱ्यांदा २०२३ च्या ऑगस्टमधे झालं ते जास्त होतं. ताप १०३, गिळायला होईना, लाळ गळत होती, आवाज घोगरा, आणि मान पुढं आणि डावीकडं कलती करून बसायचा, सरळ केली की रडायचा. गिळताना कानात दुखतंय म्हणायचा. बार्शीतल्या बालरोगतज्ज्ञांनी बघून सांगितलं इथं थांबू नका, गळ्यातली सूज श्वासावर येऊ शकते, सोलापूरला न्या. सत्तर किलोमीटर, रात्री, पावसात, अक्का मागं मांडीवर घेऊन बसलेली आणि मी पुढं. ती वाटेत एकदाच बोलली, "तू औषधाच्या दुकानात बसतूस ना रे, मग तुला कसं कळंना?" मी काय बोलणार.

सकाळी सोनोग्राफीला नेलं. सोनोग्राफीच्या मॅडम सुरुवातीला गप्प होत्या, मग मशीन फिरवता फिरवता विचारलं, हे कितव्यांदा? तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी डावीकडंच? हो. आधी सर्दी-खोकला होता? हो, तिन्ही वेळा. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला आणि बोट ठेवून दाखवलं, ही लिम्फची गाठ नाही, हा थायरॉईडचा डावा भाग आहे, याच्या वरच्या टोकाला आणि भोवती पू आहे. उजवा भाग बघा कसा स्वच्छ आहे. लहान मुलाच्या थायरॉईडमधे पू, तो पण डावीकडं आणि परत परत, म्हणजे आतून कुठूनतरी वाट असणार, घशातून. रिपोर्टमधे मी लिहिते, तुम्ही कानघसावाल्यांना दाखवा.

सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा कुणीतरी 'कितव्यांदा' विचारलं होतं. आधीच्या दोन्ही वेळी प्रत्येकाने समोरचं गळू बघितलं आणि ते नीट बरं केलं. कुणाचा हात वाईट नव्हता. पण दरवेळी नवीन गळू म्हणून बघितलं.

थायरॉईड म्हटल्यावर मी लगेच हुशारी केली, म्हटलं टी थ्री टी फोर टीएसएच करा. केलं. सगळं नॉर्मल. मग मला वाटलं मॅडमचं चुकलं असणार, थायरॉईडला एवढी सूज आहे आणि टीएसएच नॉर्मल कसं? आमच्या दुकानाच्या जगात थायरॉईड म्हणजे टीएसएच, टीएसएच म्हणजे पंचवीस-पन्नासची गोळी, बाटली संपली की दुसरी. वॉर्डातल्या डॉक्टरांनी समजावलं की जंतूंच्या इन्फेक्शनमधे बहुतेक वेळा ग्रंथीचा एखादाच कोपरा सुजतो, बाकीची ग्रंथी काम करत राहते, त्यामुळं हार्मोन सहसा नॉर्मलच येतात आणि त्यावरून उलट निदानाला मदत होते.

ती मदत कशी, हे मला एका गिऱ्हाईकामुळं चांगलं समजलं. त्याच वर्षी आमच्या पेठेतल्या एक बाई, चाळिशीच्या, गळ्यात दुखतंय, कानापर्यंत कळ जाते, कणकण आहे, छातीत धडधडतंय म्हणून दुकानात आल्या. पिंट्याचं ताजं होतं त्यामुळं मी घाबरलो, म्हटलं काकू आज काही घेऊ नका, आधी डॉक्टरकडं जा. त्यांचं निघालं सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस. याला डी क्वेर्व्हेनचा आजार पण म्हणतात, त्या नावाच्या स्विस सर्जनने १९०४ मधे वर्णन केलेलं. तो पण सर्दी-तापानंतर येतो, त्यातही थायरॉईड दुखते, सुजते, ईएसआर (अंगात कुठं सूज आहे हे सांगणारी रक्ताची तपासणी) आभाळाला भिडतो, पण त्यात पू नसतो, जंतूही नसतात. सगळी ग्रंथी सुजल्यामुळं आत साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं, म्हणून टीएसएच खाली जातं, धडधड होते, वजन उतरतं. काकूंचं टीएसएच अगदी खाली होतं. त्यांना दुखण्याच्या गोळ्यांनी भागलं नाही म्हणून थोडे दिवस स्टिरॉईड दिलं आणि दोन दिवसांत दुखणं पळालं. आता हेच स्टिरॉईड जर पू झालेल्या थायरॉईडला दिलं तर? जंतूंना जेवायला वाढल्यासारखं. म्हणून मोठ्या माणसाच्या दुखऱ्या थायरॉईडला स्टिरॉईड लिहायच्या आधी हे दोन वेगळे करावे लागतात, आणि ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी, हार्मोन, सोनोग्राफी आणि शंका आली तर सुई घालून काढलेला थेंबभर द्रव, एवढ्यावर बऱ्यापैकी वेगळे होतात. पू आला तर वाद संपला. आणि तो पू नुसता बघून फेकायचा नाही, ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायचे) आणि कल्चरला पाठवायचा, शक्यतो अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. (हे वाक्य लिहिताना मला माझं ते सिरप दिसतंय.)

तर पिंट्या. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. यावेळी चिरा नाही दिला, सोनोग्राफीत बघत बघत सुईने पू ओढून घेतला. सीटी स्कॅन झाला. आठ-नऊ दिवसांनी ताप गेला, खायला लागला. सोडायच्या आधी बेरियम स्वॅलो केला, म्हणजे ते खडूसारखं पांढरं पाणी प्यायला द्यायचं आणि ते गिळताना एक्स-रेवर बघायचं, घशातून बाहेर कुठं वाट फुटते का. नॉर्मल आला. कुठंच वाट नाही. अक्काने तिथल्या तिथं हात जोडले. दाजी म्हणाले बघा, त्या बाईंनी उगाच घाबरवलं. मी पण मानलं. एवढा बेरियम नॉर्मल म्हटल्यावर आणखी काय.

पण ते 'आतून वाट असणार' डोक्यातून जाईना. मग दिवाळीच्या आधी मी पुण्याला आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या ओळखीतल्या एका कानघशाच्या सर्जनकडं फाईल घेऊन गेलो, पोरगं न घेता, नुसती फाईल. त्यांनी सगळी फाईल मागून पुढं वाचली. हे मी पहिल्यांदा बघितलं, बाकी सगळे वरचा कागद बघायचे. बेरियम कधी केला विचारलं. म्हटलं डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. म्हणाले सूज असताना ती नळी सुजून बंद असते, त्यात बेरियम जाणार कसा? सूज पूर्ण उतरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करायचा असतो, सूज असतानाचा नॉर्मल हा नॉर्मल धरायचा नाही. मग सीटीची फिल्म उजेडाला धरली, हा काळा ठिपका बघा, थायरॉईडच्या शेजारी, ही हवा आहे. मानेत एवढ्या आत हवा कुठून येईल? मग ते जुनं कल्चर काढलं, तेच, वर्षभर फाईलमधे झोपलेलं, आणि म्हणाले हे कंटॅमिनेशन नव्हतं.

आता ती वाट म्हणजे काय. आपण गिळतो तेव्हा घास थेट मधून खाली पडत नाही, स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना दोन पन्हाळी असतात, नाशपातीच्या आकाराच्या म्हणून पायरिफॉर्म सायनस, त्यातून घसरत तो अन्ननलिकेत जातो. आणि आईच्या पोटात बाळ चार-पाच आठवड्यांचं असतं तेव्हा त्याच्या मानेला माशाच्या कल्ल्यांच्या जागी असतात तशा कमानी आणि खिशासारखे खळगे असतात. पुढं ते खळगे बुजतात, त्यातून वेगवेगळे अवयव बनतात. कधीतरी तिसरा किंवा चौथा खळगा पुरता बुजत नाही आणि एक बारीक नळी राहून जाते, एक टोक त्या पन्हाळीत उघडं, दुसरं थायरॉईडच्या वरच्या टोकापाशी किंवा आतच. दहात नऊ वेळा ती डावीकडं असते. घास, लाळ, सर्दीतला शेंबूड, तोंडातले जंतू, सगळं त्या भोकातून थोडं थोडं आत झिरपतं. एरवी काही होत नाही, सर्दी-घशाचं इन्फेक्शन झालं की पेटतं. म्हणजे आयोडीन, पेरॉक्साईड, आवरण, सगळा बंदोबस्त असलेल्या वाड्याला मागून एक मोरी उघडी राहिलेली, आणि आम्ही दोन वर्षं पुढच्या दारावर पहारा देत होतो.

हे जोडून दाखवलं ते जपानमधल्या डॉक्टरांनी, ताकाई, मियाउची आणि त्यांचे सहकारी, १९७९ मधे लॅन्सेटमधे. त्याच्या आधीही थायरॉईडमधे पू व्हायचा, लोक चिरे द्यायचे, पण परत परत का होतो हे असं स्पष्ट मांडलं गेलं नव्हतं. म्हणजे ही माहिती साधारण माझ्याच वयाची, आणि आजार एवढा क्वचित की आमच्याकडच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही केस बघितली नसेल तर त्यांना दोष तरी काय द्यायचा. तरीपण.

अक्काला हे समजावताना माझी तारांबळ झाली. नळी, खळगा, मासा, काय काय सांगितलं, तिचा चेहरा कोरा. शेवटी म्हटलं, अगं भगंदर कसं असतं, वरून गळू फुटतं, बरं होतं, परत येतं, कारण आतलं तोंड उघडं असतं, तसंच. तर ती केवढ्यानं ओरडली, "मानेला भगंदर?" पण समजलं तिला. सासूबाईंनाही समजलं. उंबराच्या चिकाचा विषय त्या दिवशी संपला.

नोव्हेंबरात पुण्यात परत बेरियम झाला. पिंट्या सहा वर्षांचा होता, त्याला ते पाणी चाखून ओकारी यायची, त्यात स्ट्रॉबेरीचा वास घालून पाजलं. एक्स-रेवर मधे जाडजूड पांढरा प्रवाह खाली जातोय आणि डाव्या पन्हाळीच्या तळातून एक रेघ, शिवणाच्या दोऱ्याएवढी, तिरकी खाली उतरलेली. एक-दीड इंचाची असेल. मी ती रेघ बघत उभा राहिलो. एवढीशी. या रेघेपायी तीन भुली, दोन चिरे, टीबीच्या कोर्सपर्यंत गेलेली गाडी.

उपाय दोन प्रकारचे सांगितले. जुना म्हणजे मान उघडून अख्खी नळी काढायची, गरज पडली तर थायरॉईडचा तेवढा भाग धरून. त्यात आवाजाची नस तिथूनच जाते, ती सांभाळावी लागते, आणि आधी दोनदा चिरे झालेल्या मानेत सगळं चिकटलेलं असतं त्यामुळं आणखी अवघड. दुसरा म्हणजे भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालायची, पन्हाळीतलं ते भोक शोधायचं आणि आतल्या आत जाळून बंद करायचं, विजेच्या कॉटरीने किंवा ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने. टीसीए म्हटल्यावर मी चमकलो, ते तर चामखीळ जाळायला वापरतात. डॉक्टर म्हणाले तेच. आमच्या पोराला कॉटरीने केलं. बाहेरून एक टाका नाही. भोक सापडल्यावर आतून दुर्बिणीने काढलेला फोटो त्यांनी दाखवला, गुलाबी पन्हाळीच्या तळाशी मोहरीएवढा काळा ठिपका. कधी कधी एकदा करून पुरत नाही, परत करावं लागतं असं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं पहिलं वर्ष प्रत्येक शिंकेला अक्काचा फोन यायचा. हळूहळू कमी झाले.

हे सगळं झाल्यावर मला या विषयाचं वेडच लागलं. दुकानात दुपारी दोन ते चार कुणी नसतं तेव्हा वाचत बसायचो, अडलं की ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचो. मोठ्यांमधे हा प्रकार येतो तेव्हा कथा वेगळी असते. तिथं बऱ्याचदा ग्रंथी आधीच बिघडलेली असते, गलगंड किंवा गाठी असतात, किंवा माणसाची प्रतिकारशक्ती खाली आलेली असते, कंट्रोलबाहेरचा मधुमेह, एचआयव्ही, केमोथेरपी. तेव्हा जंतू रक्तातून येऊन बसतो, नाहीतर बाजूच्या इन्फेक्शनमधून पसरतो. सगळ्यात जास्त सापडतात ते स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस, पण क्लेब्सिएला, साल्मोनेला, असे पाहुणे पण सापडलेले आहेत, आणि प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर बुरशी. थायरॉईडचा टीबीसुद्धा असतो, फार क्वचित, आणि तो गुपचूप येतो, ना ताप ना दुखणं, नुसती गाठ, कॅन्सर समजून ऑपरेशन करतात आणि पॅथॉलॉजीच्या टेबलावर टीबी निघतो. म्हणजे बघा, आमच्या पोराला टीबी नसताना टीबी म्हणत होते आणि ज्याला खरंच तिथं टीबी असतो त्याला कुणी म्हणत नाही. उपचार मात्र उशिरा झाले तर हा पू गमतीचा नाही. मानेतून छातीत उतरू शकतो, श्वासनलिका दाबू शकतो, रक्तात जंतू पसरू शकतात. त्या रात्री सोलापूरच्या रस्त्यावर आम्ही कुठल्या टोकाला होतो ते नंतर वाचलं आणि बरं झालं तेव्हा माहीत नव्हतं.

एक दुकानापुरता बदल केला. मानेची सूज आणि ताप म्हणून कुणी अँटिबायोटिक मागायला आलं तर देत नाही. भांडतात. "मागच्या टायमाला तुम्हीच दिलंवतं की" म्हणतात, आणि खोटं नसतं ते. समोरच्या दुकानातून घेतात, गिऱ्हाईक जातं. आणि पोराची मान म्हटलं की मी दोनच गोष्टी विचारतो, आधी झालंय का, आणि कुठल्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात एकाने हो, मागच्या वर्षी पण, डावीकडंच, असं सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पाठवलं त्यांना सोनोग्राफीला, साध्या गाठीच निघाल्या. निघू देत. सोनोग्राफीने पोराचं काही वाईट झालं नाही.

पिंट्या आता आठ वर्षांचा आहे. अजून सहा महिन्यांनी एकदा पुण्याला दाखवायचं असतं, तिथं जाताना तो खिडकीची जागा आणि येताना भिगवणला थांबायचं या दोन अटींवर येतो. मानेवर दोन चिऱ्यांचा मिळून एक वेडावाकडा व्रण आहे, अक्काला त्याचं वाईट वाटतं, मोठा झाल्यावर प्लास्टिक सर्जरी करूया म्हणते. मधे येडशीच्या जंगलात वाघ आल्याची बातमी आली तेव्हापासून त्याने शाळेत सांगितलंय की वाघाने पंजा मारला. मागच्या महिन्यात त्याचे दोन मित्र दुकानावर आले होते, मला बाजूला घेऊन विचारत होते, मामा खरं सांगा, वाघ होता का बिबट्या?